अर्जातली शेवटची ओळ

“बाळंतपणं किती केलीस?”

“मोजली न्हाईत की मामू.”

“मग आता मोज.”

बनाबाई लालासाबच्या बैठकीपुढे उकिडवी बसली होती. कचेरीच्या आवाराबाहेर एक मोठा लिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी लालासाबची सतरंजी, उतरते लाकडी मेज, दौत आणि बोरूंचा जुडगा अशी बैठक असे. बनाबाईने डोळे मिटले आणि गावातली घरे एका टोकापासून घ्यायला सुरुवात केली.

“पाटलाच्या थोरल्या सुनंची दोन. लव्हाराच्यात तीन, त्यातलं एक पायाळू. वरच्या आळीला जोतीरामाच्या बायकूचं जुळं. ढोरवाड्यातली धरायची न्हवं?”

“तिथली काय मानसं न्हाईत? धर.”

ती एकेक घर सांगत गेली आणि लालासाब रद्दी कागदावर एकेक रेघ ओढत गेला. गगनबावड्याच्या अलीकडे तिचे सासर होते. तिथल्या पावसात ओढे चढले की चार चार दिवस कुणी गावाबाहेर पडू शकत नसे, त्यामुळे जे काही व्हायचे ते हिच्याच हातून व्हायचे. घरे संपली तेव्हा लालासाबने रेघा मोजल्या. बेचाळीस भरल्या.

“त्यात आई दगावलेली किती?”

“येक. ती मी पोचायच्या आदीच गार पडलीवती.”

“बेचाळिसात येक! आनि मघाशी म्हनालीस, मला काय येत न्हाय म्हनून.”

बनाबाई ओशाळून हसली. वय तिशीच्या आतच असेल. नवरा ज्ञानू दोन वर्षांपूर्वी प्लेगात गेला होता. दिराने घराबाहेर काढली नव्हती, पण घरात ठेवलीही नव्हती. म्हणून ती कसबा बावड्याला, थोरल्या बहिणीकडे येऊन राहिली होती.

लालासाबचा बाप राजवाड्याच्या पागेत नालबंद होता. पोराने कागदावर बसावे म्हणून त्याने लालासाबला शाळेत घातले, मोडी आणि बाळबोध दोन्ही शिकवले. लालासाबने कारकुनीसाठी स्वतःचे अकरा अर्ज केले. एकातूनही नोकरी मिळाली नाही, पण अर्ज कसा लिहू नये हे त्याला पक्के कळले. मग तो परवाना काढून लिंबाखाली बसला आणि दुसऱ्यांचे अर्ज लिहू लागला. महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्या जातींना ठेवायचा हुकूम काढून तेव्हा सहा वर्षे झाली होती. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कागद आला नव्हता अशी माणसे खेड्यापाड्यांतून नोकरीचा अर्ज लिहून घ्यायला यायची. ती सुरुवातच दुष्काळापासून करायची. मग आजारपणे, मग भाऊबंदकी. लालासाब हात वर करून त्यांना थांबवायचा.

“दुख्ख येका वळीत,” तो म्हणायचा. “काम चार वळीत. सायबाला तुजं रडं नगो असतंय, तुजा हात पायजे असतोय.”

पेठांतून त्याचे नाव झाले होते. लालासाबचा अर्ज म्हणजे निम्मी नोकरी, असे लोक बोलत, आणि ते त्याच्या कानावर येई.

शहरात बायकांसाठी एक लहानसा दवाखाना नुकताच निघाला होता. तिथे सुइणीचे काम शिकायला बायका हव्या होत्या. राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि पगार. दवाखान्याचा कारभार एस्तरबाई नावाच्या मिरजेहून आलेल्या ख्रिस्ती नर्सबाईंकडे होता. अर्ज त्याच वाचणार होत्या, हे लालासाबने आधीच काढून ठेवले होते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाईला मोडी कुठून येणार? म्हणून त्याने कागद घेतला तो बाळबोधीत लिहायला.

‘मी बनाबाई भ्रतार कै. ज्ञानू, हल्ली वस्ती कसबा बावडा. मी आजवर बेचाळीस बाळंतपणे केली. पैकी पायाळू चार व जुळी दोन. नाळ कापण्यापूर्वी विळा उकळत्या पाण्यातून काढण्याची माझी पहिल्यापासून रीत आहे. बोलावणे आले असता पाऊस अथवा ओढ्याचा पूर म्हणून मी गेले नाही, असे झाले नाही. भ्रतार प्लेगाने वारले.’

कागदावर तळाशी एका ओळीची जागा उरली. लालासाबने बोरू दौतीत बुडवला आणि क्षणभर थांबला. वर्षापूर्वी त्याने एका बाईचा अर्ज लिहिला होता, एका बंगल्यावर आयाची जागा होती. अर्ज पसंत पडला, बाई गेली, आणि तिच्या कडेवरचे मूल बघून तिला फाटकातूनच परत पाठवले. ते त्याच्या मनात राहिले होते. त्याने ओळ लिहून टाकली आणि वर वाळू भुरभुरली.

मग त्याने सगळा अर्ज तिला वाचून दाखवला. बनाबाई तोंडावर पदर धरून ऐकत होती.

“ह्ये समदं मी केलंय?” तिने विचारले.

“मग कुनी? ऐक फुडं. ‘मूलबाळ नाही. मागे कसलाही पाश नाही. अष्टौप्रहर कामास हजर राहीन.’”

बनाबाईचा पदर तोंडावरून खाली आला.

“मामू, माजी चिमणा हाय की. तीन वर्साची.”

“ठावं हाय. मगाशी सांगितलीस.”

“मग?”

“अगं, ही कागदावरची गोष्ट. जागा येक आनि बाया धा. पोरवाली बाई कोन घेतंय? पोर आजारी पडलं, पोर रडलं, बाई चालली घरला. त्येंचं बी बरोबर हाय.”

“तिला कुटं ठिवू मग?”

“बावड्याला भन हाय न्हवं?”

“हाय. बायडाक्का.”

“मग झालं तर. चार-सा म्हयनं. तुजा पाय रवला की पोरगीला हळूच आन. कोन इचारतंय?”

बनाबाई कागदाकडे बघत राहिली. तिला अक्षर येत नव्हते. “ती वळ कुटली?” तिने विचारले. लालासाबने बोरूच्या मागच्या टोकाने दाखवली. तिने त्या ओळीवर बोट ठेवले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले.

“तुमाला समजतंय त्यातलं,” ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

आठ दिवसांत तिला बोलावणे आले. ती केळीच्या पानात गुळाचा खडा बांधून लिंबाखाली आली, लालासाबच्या मेजावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. त्या दिवशी लालासाबने तो अर्ज येणाऱ्या-जाणाऱ्या तिघांना तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटच्या ओळीवर तर तो खास थांबत होता. अर्जाला शेवट असा पाहिजे, म्हणत होता.

सहा महिन्यांनी ती त्याला गंगावेशीत भेटली. अंगावर दवाखान्याचे पांढरे पातळ होते, चालणे बदलले होते.

“पोरगी काय म्हनती?” लालासाबने विचारले.

“बरी हाय. मला मावशी म्हंती.”

ती हसत म्हणाली म्हणून तोही हसला. मग तिने सांगितले. बायडाक्का एकदा पोरीला घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी आली होती. बनाबाई घडवंचीवरचे कपडे उचलत होती. पोरीने तिला लांबून बघितले आणि ‘आई’ म्हणून हाक मारली. अंगणातल्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या.

“मी म्हनलो, भनीची पोर हाय, लाडानं म्हंती. मग त्या रातच्यापासनं आक्कानं तिला शिकिवलं. आता आक्काला आई म्हंती, मला मावशी. ध्यानात ठिवलंय बगा बरोबर. हुशार हाय.”

“आता आन की तिला.”

“आनतो,” बनाबाई म्हणाली. “बगू.” आणि ती घाईने निघून गेली.

लालासाब घरी जाताना तिच्या त्या ‘बगू’चा विचार करत होता. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत तलाठ्यांच्या जागा निघाल्याची बातमी आली, आणि लिंबाखाली माणसांची रीघ लागली. त्यात ते मागे पडले.

अशी चार वर्षे गेली.

एका सकाळी जरीना नावाची बाई आली. नवऱ्याने टाकलेली, माहेरी आईजवळ राहणारी. कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल होते आणि ते लालासाबच्या दौतीकडे झेपावत होते. त्याच दवाखान्यात पुन्हा जागा निघाली होती. लालासाबने नेहमीसारखे तिला घोळवून घोळवून विचारले, तिच्या हातची कामे काढून घेतली, अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. शेवटची ओळ आली तशी ती उभीच राहिली.

“न्हाय कुनाला? मूल न्हाय? ह्यो कोन हाय मग?”

“अगं, कागदापुरतं—”

“कागदापुरतं बी न्हाय. त्येच्या म्होरं वाचून दाखीवतायसा, चाचा. त्यो ऐकतोय.”

“त्येला काय कळतंय?”

“मला कळतंय की!”

“मग जागा मिळायची न्हाय. आदीच सांगतो.”

“न्हाय मिळंना. धुनी धुईन. पर ह्ये खोडा.”

लालासाबने कपाळाला आठ्या घालून नवा कागद घेतला. ‘एक मुलगा आहे, तो अर्जदाराजवळ राहतो’ असे लिहिले. चांगला अर्ज वाया गेला, असे त्याला वाटले आणि त्याने तसे तिला बोलूनही दाखवले.

तीन आठवड्यांनी जरीना पांढरे पातळ नेसून लिंबाखाली उभी होती. मूल कडेवर होतेच.

“मिळाली न्हवं!” ती म्हणाली. “तुमी उगंच भ्या घालत हुता. एस्तरबाईनी पयल्याच दिशी इचारलं, पोराला दूद कवा पाजतीस, तसं काम लावून देते म्हनाल्या. पोरांसाटी मागं येक खोलीच हाय तिथं. आनि दोगींची पोरं आदीपासनं हायत.”

“आदीपासनं म्हंजे?”

“दवाखाना उगडला त्याच वर्सापासनं की. आनि तिथली बनाबाई तुमाला ठावं असंल, लई जीव लावती. ह्यो रडाय लागला की पयली तीच उचलती. बिचारीला मूलबाळ न्हाय न्हवं.”

लालासाबच्या समोर एक माणूस अर्जाला बसलेला होता. लालासाबने त्याला उद्या यायला सांगितले. मेज उचलून लिंबाच्या ढोलीशी उभे केले आणि तो दवाखान्याकडे चालू लागला.

बनाबाई मागच्या विहिरीवर भांडी घासत होती. त्याला बघून तिने हात धुतले आणि पदर सारखा केला. लालासाबने वाटेत चार वाक्ये जुळवली होती, त्यातले एकही तोंडात येईना.

“पोरं ठिवून घेत्यात हितं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मला ठावं न्हवतं, बनाबाई. मी आपलं अंदाजानं...”

“मला ठावं हाय की,” ती म्हणाली. “दुसऱ्याच म्हयन्यात कळ्ळं. हितली रखमा आपली दोनी पोरं घिऊन कामाला आली तवा.”

“मग बोललीस का न्हाईस? मला येऊन सांगायचं! चार वर्सं!”

बनाबाई विहिरीच्या काठावर टेकली. “काय सांगू? अंगटा माजा हुता. खोटं लिवून दिलं म्हनून काडून टाकलं आसतं तर पोरीला काय घातलो असतो? आक्काच्या घरात तरी माज्या पगाराचं जोंधळं जात हुतं. आनि दुसरं...” ती थांबली.

“दुसरं काय?”

“कुनी इचारलं आसतं, ह्ये लिवलं कुनी. तुमचं नाव आलं आसतं. तुमचा परवाना गेला आसता मामू. तुमी माजं भलंच कराय गेलतासा.”

मी आत्ता जाऊन एस्तरबाईंना सांगतो, असे लालासाब म्हणाला. बनाबाईने मान हलवली. “नगा. चाललंय ते चालू द्या,” असे म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. पितळी तपेले आधीच लख्ख झाले होते, तरी ती तेच घाशीत राहिली.

घरी गेल्यावर त्याने बायकोला, मेहमुदाला, सगळे सांगितले. त्यांच्या लग्नाला बावीस वर्षे झाली होती आणि घरात मूल नव्हते. मेहमुदाने हकीम केले, दर्ग्यांना नवस केले, नंतर करणे सोडून दिले. ती तांदूळ निवडत होती. सगळे ऐकेपर्यंत तिचे हात चालूच होते.

“ती वळ तुमाला सुचली कशी?” तिने विचारले.

“त्येच्या आदल्या वर्सी त्या बंगल्यावरच्या बाईला...”

“त्ये न्हाय इचारत. ‘मूलबाळ न्हाय’. आपल्या घरातली वळ हाय ती. आपल्याला अल्लानं दिलं न्हाय, म्हनून आपन गप बसलो. तिला दिलंतं. ते तुमी खोडलासा.”

मेहमुदाने सूप पाखडले, खडे बाजूला काढले.

“हात कसा कापला न्हाय तुमचा,” ती म्हणाली, पण आता त्याच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी लालासाबने अकरा अर्जांनंतर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला. तो त्याच्या कुठल्याही नियमात बसणारा नव्हता. दोन्ही बाजूंनी भरला होता आणि त्यात एकच गोष्ट तीनदा आली होती. तो घेऊन तो एस्तरबाईंच्या खोलीपुढच्या बाकावर तासभर बसला.

एस्तरबाई पन्नाशीच्या होत्या, अंगाने सडपातळ, चष्म्यातून बघणाऱ्या. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचायला घेतला आणि मध्येच खुर्चीवर बसल्या.

“मुलगी जिवंत आहे?” त्यांनी विचारले.

“व्हय. बावड्याला असती. सात वर्साची झाली.”

एस्तरबाईंनी चष्मा काढला. “मुन्शी, ही बाई आली त्या दिवशी मी तिला तपासली होती. इथं येणाऱ्या प्रत्येक बाईला तपासते. पोटावरच्या खुणा कागदावर ‘नाही’ लिहून जातात होय? हिला मूल झालेलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“मग तुमी...”

“मला वाटलं, गेलं. नवरा प्लेगात गेला, त्यातच मूलही गेलं असेल. बाईला ते बोलवत नसेल, म्हणून ‘नाही’ असं लिहिलं असेल. अशा कितीतरी बायका बघितल्यात मी. म्हणून चार वर्षांत तिच्यापुढं मुलांचा विषय काढला नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “उलट दुसऱ्यांची मुलं तिच्याकडं सांभाळायला देत आले. तेवढंच मन रमेल म्हणून.”

बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी ‘आले’ म्हणून सांगितले, पण उठल्या नाहीत.

“बाईची नोकरी जानार न्हाई न्हवं?” लालासाबने विचारले.

“तिला काढून वॉर्ड काय तुमच्या हातावर चालवू?” त्यांनी कपाटातून एक कागदांचा गठ्ठा काढला, त्यातला जुना अर्ज शोधला. लालासाबने आपले अक्षर ओळखले. एस्तरबाईंनी शेवटची ओळ एका रेघेने छाटली, वर ‘एक मुलगी’ असे लिहिले आणि टाक त्याच्या हातात दिला. “इथं सही करा. खोट कुणाची, ते कागदावर दिसू दे.”

त्याने सही केली.

“माझ्यावर काय...? परवाना जमा करायचा असंल तर मी...”

“तुम्हाला शिक्षा केली की तुम्हाला बरं वाटेल,” एस्तरबाई उठत म्हणाल्या. “मला तेवढी फुरसत नाही. बनाबाईला सांगा, मुलीला घेऊन ये. उद्या सुट्टी दिली आहे म्हणावं.”

बनाबाईने निरोप ऐकला आणि म्हणाली, “तुमी चला संगट. आक्काला माज्या तोंडानं सांगाय यायचं न्हाय.”

सकाळी उन्हे कोवळी असतानाच दोघे कसबा बावड्याच्या वाटेला लागले. गुऱ्हाळांचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस तोडून चाललेला, काहिलींचा धूर आणि उकळत्या रसाचा वास हवेत भरलेला. बनाबाई भरभर चालत होती. मध्येच ती म्हणाली, “चिमणाला परकर नवा शिवाय पायजे. दवाखान्यात समदी पोरं नीट असत्यात.” आणखी थोड्या वेळाने ती म्हणाली, “माज्या खाटंवर दोगी मावू.”

बायडाबाईचे घर मळ्यातच होते. तिचा नवरा कृष्णात बैल घेऊन गुऱ्हाळावर गेला होता. बायडाबाईची स्वतःची तीन मुले झाली होती, वर्षाच्या आतच गेली होती. ती गोठ्यापुढचे अंगण सारवत होती आणि चिमणा तिच्यामागून रांगोळीची बोटे ओढत येत होती.

लालासाबने सांगितले. चूक माझी, मीच लिहिले, आता सगळे मिटले आहे, पोरीला दवाखान्यात राहता येते. सांगताना तो सारवलेल्या जमिनीकडे बघत होता. बायडाबाईने शेणाचे हात तसेच धरून सगळे ऐकले.

“माजी हाय म्हनून मी कवा म्हनलो का?” ती बहिणीला म्हणाली. “तूच सांगितलंस, आई म्हनू नगो म्हनावं. तुजीच हाय. घिऊन जा.”

हात धुऊन ती आत गेली. पोरीचे दोन परकर, एक पोलके आणि लाकडी बाहुली तिने एका धडप्यात बांधली. गाठ बसेना. तिने ती सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली.

“आई, मी कुटं चाललो?” चिमणाने विचारले.

“मावशीसंगं. शेरात.”

“आनि तू?”

“मी न्हाय.”

“मग मी बी न्हाय,” चिमणा म्हणाली. ती रडली नाही. गोठ्यात गेली आणि वासराच्या गळ्यात हात टाकून त्याच्याजवळ बसली.

बनाबाई तिच्यापुढे जाऊन बसली. “चिमणे, तिथं लई पोरं हायत खेळाय.”

“हितं बी हायत.”

“खाट हाय. खाटंवर झोपायचं.”

“मावशी, तुमीच हितं ऱ्हावा की,” चिमणा म्हणाली. “आईला इचारू?”

लालासाब दारात उभा होता. त्याला राहवेना. “बाळ, ऐक जरा, ही तुजी—”

“मामू,” बनाबाई मागे न बघता म्हणाली, “आता तुमी काय सांगू नगासा.”

तो जिथल्या तिथे थांबला. बनाबाईने पोरीचे विस्कटलेले केस कानामागे सारले, कानातली काडी नीट केली. बेचाळीस आणि नंतरच्या शेकडो पोरांना ज्या हातांनी उचलले, ते हात त्या एका कानाशी कितीतरी वेळ घुटमळले. मग ती उठली. बहिणीच्या हातातले गाठोडे घेतले, सोडले आणि परकर पुन्हा वळणीवर टाकले.

“ऱ्हाऊ दे आक्का. म्हयन्यातनं दोनदा येत जातो. आता फाटकाकडनं परत जायाला नगो, तिला घिऊन आत येत जा. तिला तिथली पोरं दावतो.”

बायडाबाईने पदर तोंडात कोंबला. बनाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी परकराच्या चुण्या सारख्या करत होती.

चहा नाही, पाणी नाही, दोघे निघाले. बांध उतरून रस्त्याला लागले.

“मावशी! ओ मावशी!”

चिमणा तोडलेल्या उसाच्या फडातून धावत येत होती. परकर एका हाताने वर धरलेला, दुसऱ्या हातात फडके. धापा टाकत तिने ते पुढे केले.

“आईनं भाकरी दिल्यात. वाटंत खावा म्हनली.”

बनाबाईने दोन्ही हातांनी फडके घेतले. अजून गरम होते ते. तिने ते छातीशी धरले.

“तुज्या आईला सांग,” ती म्हणाली, “पोचल्या म्हनून.”

चिमणाने मान हलवली आणि उड्या मारत परत फिरली. ती फड ओलांडून गेली, बांधावर चढली, गोठ्याआड दिसेनाशी झाली. तोवर बनाबाई रस्त्यात उभी होती. मागून गुळाची एक गाडी आली, गाडीवानाने ‘पावणं, बाजूला’ म्हणून आरोळी दिली तेव्हा ती कडेला झाली.

“चला,” ती म्हणाली. “वार्डात येक अडलेली हाय, काल रातीपास्नं.”

ती पुढे चालू लागली. लालासाब तिच्या मागोमाग निघाला. तिने चाल धिमी केली तेव्हाही त्याला तिच्या बरोबरीला येता आले नाही. शहराची वेस येईपर्यंत तो दहा पावले मागेच चालत राहिला.